इंदूरचा खड्डा आणि गॅलरीतली बादली

ओल्या कचऱ्याचे खत घरच्या घरी करावे, असे सांगणारी पत्रके आज अनेक महापालिका वाटतात. त्यांत बहुधा दोन रकाने असतात : काय टाकावे आणि काय टाकू नये. दुसऱ्या रकान्यात मांस, मासळी, हाडे, दूध-दही, तेलकट शिळे अन्न, लिंबा-संत्र्याच्या साली, रोगट झाडे, बी धरलेले तण, कुत्र्या-मांजरांची विष्ठा, दगडी कोळशाची राख, गुळगुळीत छापील कागद, प्लास्टिक आणि विजेरीचे सेल एकाच ओळीत बसलेले दिसतात. लिंबाची साल आणि शिशाचा रंग यांना एकच शिक्षा. कारण मात्र क्वचितच दिलेले असते.

कंपोस्टाच्या आधुनिक पद्धतीचा पाया ज्या पुस्तकाने घातला, ते १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि त्यातील सारे काम आपल्याच देशात, इंदूर येथे झालेले होते. त्या पुस्तकातील खड्ड्यात काय जात होते हे पाहिले आणि मग आजच्या पत्रकाकडे वळले, की ध्यानात येते : हा दुसरा रकाना म्हणजे वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या आकारांच्या ढिगांसाठी केलेल्या नियमांचा गोळा झालेला साठा आहे.

शेणाचा आणि कचऱ्याचा ढीग आपल्याकडे नवा नव्हता. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथात माघात शेणाचा ढीग उकरावा, ते वाळवून बारीक करावे, फाल्गुनात शेतातील खड्ड्यांत भरावे आणि पेरणीच्या वेळी पसरावे, अशी वेळापत्रकासह रीत सांगितली आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त तर कुणपजल नावाचे द्रवखत आहे. त्यासाठी प्राण्यांचे मांस, चरबी, मज्जा, मासळी ही सामग्री पाण्यात शिजवून, मडक्यात भरून मुरत ठेवायची. म्हणजे आजच्या पत्रकात ज्या पदार्थांना सर्वांत आधी मज्जाव आहे, तेच हजार वर्षांपूर्वीच्या खताचे मुख्य घटक होते. मांस कुजते आणि उत्तम कुजते. त्यात नत्र भरपूर असते. प्रश्न ते कुठे कुजवायचे, कसे झाकायचे आणि शेजारी कोण राहतो, एवढाच असतो.

गावोगावचा उकिरडा ही याच परंपरेची सैल आवृत्ती. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, ही म्हण आपण माणसाच्या नशिबाबद्दल वापरतो. पण उकिरड्यातले खत खरोखरच फार सावकाश तयार होई आणि त्यातले पुष्कळसे नत्र तोवर ऊन-पावसात निघून जाई. शिवाय गाईम्हशींच्या शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जात असे. जे उरे ते सगळ्या शेताला पुरणे शक्य नव्हते. शेण थोडे आणि काडीकचरा उदंड, ही हिंदुस्थानातील शेतकऱ्याची अडचण होती.

अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. गव्हाच्या सुधारित जातींमुळे त्यांचे आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांचे नाव झाले. गॅब्रिएल स्वतः वनस्पतींच्या शरीरक्रियेच्या अभ्यासक होत्या, आणि त्या काळच्या पुष्कळ संशोधनपत्रांवर दोघांची नावे जोडीने आहेत. बी कितीही सुधारले तरी जमिनीत कस नसेल तर ते फळत नाही, हा विचार पुशातच त्यांच्या मनात घट्ट झाला. १९२४ साली मध्यवर्ती कापूस समितीच्या पैशाने आणि होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले आणि १९३१ पर्यंत तेथे राहिले. गॅब्रिएल पुस्तक निघण्याच्या आदल्या वर्षी वारल्या.

त्या १९३१ च्या पुस्तकावर दोन नावे आहेत. एक हॉवर्ड यांचे. दुसरे यशवंत वाड यांचे, जे संस्थेत रसायनाचे काम पाहत. खड्ड्यातील नत्राचा हिशेब, तापमानाच्या नोंदी, कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण हा त्या पुस्तकाचा कणा आहे, आणि तो रसायनशास्त्राचा आहे. पुढे जगभर ‘हॉवर्ड यांची इंदूर पद्धत’ एवढेच नाव उरले. मराठी वाचकाला ओळखीचे वाटणारे ते दुसरे आडनाव तळटिपांत गेले, याची खंत वाटते. हॉवर्ड यांनी स्वतः मात्र ऋण लपवलेले नाही. चीन, कोरिया आणि जपानमधील शेतकऱ्यांच्या खतपद्धतींचे अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी केलेले, १९११ साली प्रसिद्ध झालेले वर्णन आणि हिंदुस्थानातील शेतकऱ्यांचा व्यवहार, या दोहोंचे श्रेय ते देत राहिले. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १९२१ साली हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी पेंढ्यावर रासायनिक नत्र घालून ‘कृत्रिम शेणखत’ करून दाखवले होते. इंदूरने ते नत्र विकत न घेता गोठ्यातून घेतले.

आता त्या खड्ड्यात डोकावू. तो सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असे. त्यात पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, तण, पालापाचोळा असे शेतात उरणारे जवळजवळ सगळे जाई. कपाशीच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या रस्त्यावर पसरून ठेवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाके त्यांचा चुरा करीत. यंत्र नको, मजुरी नको. हिरवा पाला ताजा टाकत नसत. आधी कोमेजू देत, कारण ओल्या हिरव्याचा थर दबून बसतो आणि हवा कोंडते. हा सगळा कोरडा माल आधी गोठ्यात बैलांच्या खाली अंथरायचा, मग शेणासह उचलून खड्ड्यात थर लावायचे. मध्ये गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख. मूत्रातून नत्र मिळे, राखेने आंबटपणा मरे. जुन्या खड्ड्यातील थोडे अर्धवट कुजलेले द्रव्य विरजणासारखे नव्यात मिसळत. थर तुडवायचे नाहीत, हा नियम कडक होता. सुमारे दोन आठवड्यांनी, मग महिन्याने आणि मग दोन महिन्यांनी असा तीन वेळा माल पालटला, की तीन महिन्यांत खत हाती येई.

या सगळ्यात एक आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खड्डा भरल्यावर लवकरच आतले तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास चढे आणि नव्वद दिवसांत हळूहळू तिशीपर्यंत उतरे. ही उष्णता बाहेरून दिलेली नव्हती. काडीकचरा खाणाऱ्या जिवाणूंच्या आणि बुरशीच्या श्वसनातूनच ती निघते. तिच्या आधारावर इंदूरचा खड्डा जे पचवू शकला, ते आपली गॅलरीतली बादली पचवू शकत नाही. यात बादलीचा दोष नाही. भूमितीचा आहे.

जिवाणू उष्णता निर्माण करतात ढिगाच्या सबंध घनफळात, आणि ती निसटते पृष्ठभागातून. एक मीटर बाजूचा घनाकार ढीग घेतला तर दर घनमीटर मालामागे ६ चौरस मीटर पृष्ठभाग उघडा असतो. ३० सेंटिमीटर बाजूची बादली घेतली, तर त्याच हिशेबाने २० चौरस मीटर. म्हणजे तिप्पटीहून अधिक वाटांनी ऊब बाहेर जाते. इंदूरचा एक खड्डा भरायला अशा जवळपास एक हजार बादल्या लागतील. शिवाय तो खड्डा एकदम किंवा थोड्या दिवसांत भरला जाई. बादलीत रोज मूठभर साली पडतात. साधारणपणे तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच याहून लहान ढीग धड तापत नाही, हा बागायतदारांचा जुना अडाखा याच गणितातून आला आहे.

रोगजंतू आणि कृमींची अंडी मारण्यासाठी बंदिस्त कंपोस्टात ५५ अंश तापमान सलग तीन दिवस टिकावे, असा दंडक आज प्रचलित आहे. गॅलरीतली बादली चाळिशी गाठली तरी पुष्कळ. तिथे कुजणे होते, खतही चांगले होते, परंतु भाजणे होत नाही. गांडूळखताच्या पेटीत तर ते होऊच नये, कारण पस्तिशीच्या पुढे गांडुळे तग धरत नाहीत.

एवढे कळले की मनाईच्या रकान्यातील निम्म्या ओळी आपोआप उलगडतात. कुत्र्या-मांजरांची विष्ठा टाकू नये, कारण मांजराच्या विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्मा आणि कुत्र्याच्या विष्ठेतील गोलकृमींची अंडी थंड ढिगात मरत नाहीत, आणि तेच खत आपण कोथिंबिरीच्या कुंडीत घालणार असतो. बी धरलेले तण टाकू नये, कारण बी भाजले जात नाही. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले आणि नंतर देशभर पसरलेले गाजरगवत फुलण्याआधी उपटले तर त्याचे उत्तम खत होते. फुलल्यानंतर थंड ढिगात टाकले, तर आपण त्याची पेरणीच करतो. हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी आधी कडक उन्हात वाळवून मगच टाकाव्यात. रोगट झाडांबाबत मात्र मोठ्या ढिगावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. टोमॅटो-तंबाखूवरील मोझॅक रोगाचा विषाणू उष्णतेला दाद देत नाही, असा अनुभव आहे. ती झाडे दूर करणेच बरे.

मांस-मासळीचे तसेच. ती कुजण्याबद्दल शंका नाही. शंका आहे ती वास, माश्या, उंदीर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची. दुधाचे कारणही तेच, आणि तिथे आपल्या व्यवहारातील गंमत दिसते : पत्रक दूध-दही टाकू नका म्हणते, आणि घरोघरी खत करणारे लोक आंबट ताकाचा हबका मारून ढीग ‘लावतात’. वाटीभर ताकाने काही बिघडत नाही. लिटरभर नासलेल्या दुधाने बिघडते. मनाई बहुतेक वेळा पदार्थाची नसून प्रमाणाची असते, आणि पत्रकात प्रमाण लिहायला जागा नसते.

लिंबा-संत्र्याच्या सालींवरचा राग मला अन्यायाचा वाटतो. गांडुळांना त्या मानवत नाहीत, हे खरे. आणि गांडूळखताच्या माहितीतून ती ओळ सरसकट सगळ्या कंपोस्टाला चिकटली असावी. साध्या ढिगात बारीक चिरलेल्या साली इतर मालाबरोबर कुजून जातात. बादली आंबट होते ती मुख्यतः वेगळ्या कारणाने. ओला, मऊ, गोड कचरा एकटाच कोंडला की पहिल्या काही दिवसांत सेंद्रिय आम्ले तयार होतात आणि हवा नसेल तर ती तशीच राहतात. इंदूरला यावर राख होती आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काडीकचरा होता. कुजणाऱ्या मालात नत्राच्या एका भागास कर्बाचे पंचवीस-तीस भाग असावेत, असे आज मानतात. भाजीपाल्याच्या कचऱ्यात हे प्रमाण पंधरा-वीसच्या घरात, वाळक्या पानांत चाळीस ते ऐंशी, आणि लाकडाच्या भुशात काही शेकडे. शहरातील बहुतेक बादल्या ज्या कारणाने दुर्गंध सोडतात आणि महिन्याभरात बंद पडतात, ते कारण मनाईच्या रकान्यात नसतेच. ते पहिल्या रकान्यात दडलेले आहे : टाकावे असे सगळे टाकले, पण वाळका पालापाचोळा टाकला नाही. रस्त्यावरची पाने पोत्यात भरून ठेवणारा माणूस शेजाऱ्यांना विक्षिप्त वाटतो. त्याचा ढीग मात्र सुरळीत चालतो.

शिजलेल्या अन्नाची बाब थोडी निराळी. तेल कणांभोवती लेप धरते आणि हवा अडवते. मीठ कुजतच नाही, ते खतात आणि मग कुंडीत साठत राहते. चार शिते, पोळीचा तुकडा यांचे काही नाही. पण वर्षभराचे बुरसटलेले लोणचे ढिगात ओतणे म्हणजे विसंगतीची कमाल. लोणचे घालण्याची सारी कला कुजणे थांबवण्यासाठीच तर आहे.

इंदूरकडे परत जाऊ, कारण त्या खड्ड्याची खरी परीक्षा पुढे होती. १९३४ साली एफ. के. जॅक्सन आणि वाड यांनी हीच पद्धत वस्तीतील कचरा आणि मैला यांना लावून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली. मैल्याच्या खताला मराठीत सोनखत हा शब्द आधीपासून आहे. त्यात आदर आणि किळस दोन्ही आहेत. १९३९ मध्ये सी. एन. आचार्य यांनी बंगळुरू येथे दुसरी वाट काढली : चरात शहरी कचरा आणि मैला यांचे थर लावायचे, वरून मातीने लिंपायचे आणि न पालटता काही महिने ठेवायचे. वेळ अधिक लागे, पण मैला पुनःपुन्हा उपसावा लागत नसे. १९४० च्या दशकात आचार्यांच्या देखरेखीखाली शहरी कंपोस्टाची योजना देशभर राबवली गेली.

या योजनेचे कौतुक करताना एक गोष्ट वगळून चालणार नाही. तो मैला चरापर्यंत कोण नेत होते? विशिष्ट जातींतील माणसे, हातांनी, डोक्यावरच्या पाट्यांतून. तापमानाचे तक्ते काढणाऱ्या विज्ञानाने जंतूंचा प्रश्न सोडवला होता. हा प्रश्न त्याच्या तक्त्यात नव्हता. हाताने मैला वाहून नेण्यास मनाई करणारा कायदा १९९३ साली झाला. शहरी कंपोस्टातून मैला बाद होण्यामागे आरोग्याचे कारण आहे, तसे हेही आहे, आणि ते अधिक थोर आहे.

मैला गेला आणि त्याच सुमारास प्लास्टिक आले. १९७० च्या दशकात केंद्राच्या मदतीने मोठ्या शहरांत यांत्रिक कंपोस्ट कारखाने उभारले गेले. त्यांतील बहुतेक टिकले नाहीत. शहराने सगळा कचरा एकत्र आणून टाकला. यंत्राने तो दळला. खतात काचेचे कण आणि प्लास्टिकचे तुकडे निघाले. अनवाणी चालणारा शेतकरी काच असलेले खत शेतात का पसरेल? कुजण्याचे शास्त्र बिनचूक होते. वर्गवारी नव्हती.

मनाईच्या रकान्यातील उरलेला निम्मा भाग इथून आला आहे, आणि तो ढिगाच्या आकारावर अवलंबून नाही. शिसे, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्ये आहेत. त्यांना ६५ अंश काय, सहाशे अंश दिले तरी ती नाहीशी होत नाहीत. उलट माल कुजून निम्म्यावर आला की उरलेल्या खतात त्यांचे प्रमाण वाढते. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टात शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम याहून अधिक चालत नाही. पाऱ्याचा हा आकडा पाहिला, की फुटलेला तापमापक किंवा ट्यूबलाइट ओल्या कचऱ्यात जाणे केवढे महाग पडते ते समजते. जुन्या खिडकीचा खरवडलेला रंग, विजेरीचे सेल, कोळशाची राख, प्लायवूडचा भुसा यांना इंदूरच्या खड्ड्यानेही नकारच दिला असता. आपल्या घरातून या जिन्नसा ढिगात जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग बहुधा निर्माल्य. फुले, पाने, दूर्वा उत्तम कुजतात. त्यांच्यासोबतची जर, प्लास्टिकचा दोरा, चमकी आणि रासायनिक गुलाल कुजत नाहीत. हार सुटा करून टाकण्यात पावित्र्यभंग होत नाही.

घनकचऱ्याबाबत अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, त्यातून २००० चे नियम आले, आणि २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घरावर कचरा तीन प्रकारांत वेगळा करून देण्याची जबाबदारी टाकली : कुजणारा, न कुजणारा, घरगुती घातक. चाळीस वर्षांपूर्वीच्या कारखान्यांच्या अपयशाचा धडा असा स्वयंपाकघरात येऊन पोहोचला. दरम्यान यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात खत करण्याची रीत बसवली होती. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशा टाक्याला १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, केवळ ९० ते १०० किलो शेण आणि सुमारे १,७५० किलो माती लागते. शेण थोडे, कचरा उदंड या जुन्याच अडचणीला दिलेले हे फार सरळ उत्तर आहे. ‘नाडेप’ हा शब्द त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांचा आहे, हे तो रोज उच्चारणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

आता नवी जिन्नस आली आहे : ‘कंपोस्टेबल’ असे छापलेली पिशवी. भारतीय मानक १७०८८ नुसार ती खरोखर विघटनशील असते, पण ते मानक मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातील परिस्थिती धरून आहे, जिथे तापमान ५८ अंशांच्या आसपास आठवडेच्या आठवडे टिकवता येते. बादलीत ती पिशवी टाकून तीन महिन्यांनी पाहिली, तर बटाट्याच्या साली गेलेल्या असतात आणि पिशवी जवळपास होती तशी सापडते. ती फसवी असतेच असे नाही. तिला इंदूरचा खड्डा हवा असतो. खुद्द इंदुरात २०२२ च्या फेब्रुवारीत दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवून वायू आणि खत देणारा प्रकल्प सुरू झाला. तेथे कचरा आधी घरातच वेगळा होऊन येतो. तुमच्या शहरात असा प्रकल्प असेल, तर हाडे, उरलेली भाजी आणि संत्र्याच्या साली बिनदिक्कत ओल्या कचऱ्याच्या डब्यात घाला. खत गॅलरीत करत असाल, तर साली चिरून घाला, हाडे गाडीत द्या, आणि वाळक्या पानांचे एक पोते हाताशी ठेवा.